आरशातल्या बाईचा इलाज

४ जून
आज डोक्याला चुंबक लावून घेतलं. मी केस कापणारी, दिवसभर आरशासमोर उभी. वर्ष होत आलं, आरशात गिऱ्हाईक ओळखीचं दिसतं आणि मागे कात्री धरून उभी असलेली बाई परकी. हात माझेच, पण शेजारून उसने आणल्यासारखे. गोळ्यांनी नुसती झोप आली. डॉक्टर म्हणाले, चुंबकाचा हा इलाज नवा आहे, काहींनाच लागू पडतो, खात्री देत नाही. असा माणूस धंद्यात टिकला कसा कोण जाणे.

कानाच्या वर यंत्र टेकवतात आणि टक-टक-टक. डोक्यावर सुतारपक्षी बसवल्यासारखं. यंत्र चालवणाऱ्या मुलीच्या केसांना फाटे फुटलेत. सांगितलं तिला.

५ जून
टक-टक. फरक शून्य. जबडा तेवढा उडतो.

१२ जून
माझ्या आजारावर घरात सगळे खूश! सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, सून हल्ली किती शांत झालीये, उलटून बोलत नाही. उलटून बोलायला आत कुणी असायला हवं ना. नवरा बिचारा रोज सोबत येतो, बाहेर बसून जुनी मासिकं वाचतो. गरोदर बायकांनी काय खावं ते त्याला तोंडपाठ झालंय.

२० जून
टक-टक. कंटाळा आला. कंटाळा — माझा स्वतःचा! डॉक्टरांना सांगितलं, तर मला नोकरी लागल्यासारखे खूश झाले.

२४ जून
एक गिऱ्हाईक सारखी म्हणे, अजून थोडे कमी, अजून थोडे कमी. डोकं फिरलं. आरशात पाहिलं तर मागची बाईही नाक फुगवून उभी. अरे, ही तर मीच. इतकं हसू आलं की गिऱ्हाइकाची बट वाकडी कापली गेली. घरी आल्यावर सासूबाईंशी भाजीतल्या मिठावरून वाजलं. जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आधीची बरी होती."

तो म्हणाला, "आधीची हीच होती, आई."

२७ जून
धाकट्या भावाचा फोन. आईची खोली आवरतोय, साड्यांचं काय करू, विचारत होता. आई हिवाळ्यात गेली. तेव्हा मी सगळ्यांना पाणी देत फिरत होते, लोक म्हणाले, पोरगी धीराची.

आज मी फोनवरच रडायला लागले. तो घाबरला. "ताई, आता का रडतेस?"

म्हटलं, "आत्ताच कळलं रे."