आईच्या सीटमधली क्लिप

बाबा,

आईला खांद्याच्या व्यायामाला टॅक्सीने नेतेय. चहा थर्मासमध्ये आहे. शेजारी गाडीची किल्ली आणि एक क्लिप ठेवलीय, ती बघा.

काल बाजारात जाताना ही आईच्या सीटबेल्टच्या खाचेत अडकवलेली सापडली. बेल्ट नाही, नुसती क्लिप! म्हणजे बेल्ट लावलाय असं गाडीला वाटावं आणि तिने टुंग टुंग करू नये. कमाल आहे तुमची! गाडीला फसवायला मुद्दाम दुकानात गेलात?

आईने आधी तुमचीच बाजू घेतली. "अगं, त्यांना त्या आवाजाचा वैताग येतो." मग हळूच म्हणाली, की पडल्यापासून हात मागे जात नाही, बेल्ट ओढता येत नाही, आणि तुम्हाला सांगावं तर तुम्ही कायम घाईत. इतके महिने गाडी बोंबलून सांगत होती, आणि तुम्ही गाडीचंच तोंड बंद केलंत!

रात्रीच बोलणार होते, पण आईने डोळ्यांनी गप्प केलं.

ही क्लिप कचऱ्यात टाका, तुमच्या हाताने. अकरा वाजता व्यायाम संपेल, तेव्हा आईला घरी न्यायला तिकडे गाडी घेऊन या. आधी तिच्या बाजूचं दार उघडा, वाका, बेल्ट लावा, मग स्टिअरिंगवर बसा. हॉर्न वाजवून बोलवायचं नाही.

काल मी बेल्ट लावला, तर मला म्हणते, "सॉरी हं, तुला उगीच त्रास." पोटच्या मुलीला सॉरी, बाबा! ही सवय तिला कुणामुळे लागली?