बाबांच्या खिडकीखालचं झुडूप

ती. दादा यांना,

कंबर धरली आहे म्हणून साष्टांग न घालता उभ्याउभ्याच नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तुमच्या न्हाणीघरातला गळका नळ, तिघांनाही उतार पडला असेल अशी आशा. इकडे तुमची बहीण ठीक, मी वर सांगितल्याप्रमाणे.

बाबांबद्दल जरा सविस्तर लिहितो. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले खरे, पण खिडकीशी बसून असत. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, पण इथे वर्तमानपत्रातल्या चुकाही काढीनासे झाले. (तुमच्या बहिणीने मुद्दाम चुकीचं शुद्धलेखन करून वाणसामानाची यादी त्यांच्यापुढे ठेवली होती. काही उपयोग झाला नाही.) अशात एका सकाळी त्यांनी आपणहून विचारलं, की खालच्या कुंपणातल्या झुडपात तो पक्षी काय खातोय? मी चिमणी असेल म्हणून मोकळा झालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा अर्धाच सोडून खाली गेलो.

चष्म्याचं दुकान असल्यामुळे माझ्याकडे दुर्बीण होती. पक्षी टिकून बसत नाहीत, झुडूप मात्र जागचं हलत नाही, म्हणून आधी झुडूप ओळखावं असा मी हिशेब केला. त्या झुडपामागेच तळमजल्यावरच्या दंतवैद्यांची खिडकी आहे, हे ध्यानात आलं नाही. आत खुर्चीत आ वासून पडलेल्या बाईंना पानांतून दुर्बीण दिसली आणि त्यांनी तोंड मिटलं. दंतवैद्यांचं बोट तेव्हा आत होतं. ते बाहेर आले तेव्हा मी पक्षी दाखवून खुलासा करणार होतो, पण पक्षी उडून गेला होता आणि माझा सदरा काट्यांत अडकला होता, त्यामुळे मला जाता येईना.

मग पुस्तक आणलं. रंगीत फुलं पाहावीत तर ती घाणेरी ठरे, पांढरी फळं पाहावीत तर पांढरफळी. घाणेरीला फळं काळी आणि पांढरफळीला असली फुलं नाहीत. शेवटी मी फांद्या तोडून घरी आणल्या. (त्यांच्याबरोबर आलेल्या मुंग्या अजून साखरेच्या डब्यात आहेत.) बाबांनी माझं भिंग घेऊन फांद्या उलटसुलट केल्या, मी त्या नक्की कुठून तोडल्या ते विचारलं, आणि माझं उत्तर न पटून सपाता घालून स्वतःच जिना उतरले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. तुमची बहीण कठडा धरून वरूनच बघत राहिली.

बाबा झुडपापाशी बराच वेळ वाकून होते. मग म्हणाले, "जावईबापू, ही दोन पुस्तकं एकात बांधली गेलीत. पानं जुळत नाहीत."

खरंच दोन झुडपं होती, एकमेकांत गुंतलेली. इतक्यात तो पक्षीही आला. हिरवट पिवळा, मुठीत मावेल एवढा, आणि डोळ्यांभोवती पांढरी गोल कडी. पुस्तकात नाव निघालं चष्मेवाला. बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या गिऱ्हाइकांची त्यांना काळजी वाटते असं हळूच म्हणाले. नंतर ते हसले. खिडकीतून बघणारे दंतवैद्यही हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. : चष्मेवाला फळं खात नाही, पानांखालचे किडे टिपतो, असं आज मी पाहिलं. बाबांच्या मते ते माझं पाहणं आहे, म्हणून ग्राह्य नाही. फळं पिकली की ते स्वतः बघणार आहेत.

पुन्हा ता. क. : येत्या रविवारी तुम्ही बाबांना तुमच्याकडे न्यायला येणार आहात. तारीख मीच लावून धरली होती, हे मला आठवतं. तरी कृपा करून येऊ नका, निदान फळं पिकेपर्यंत. हे तुमच्या बहिणीला न सांगता लिहितो आहे. तिनेही मला न सांगता हेच लिहिलं असेल, तर दोघांना मिळून एकच उत्तर पाठवलंत तरी चालेल.