दाखवायला एकही टाका नाही

मल्हारगंज, इंदूर

ती. प्रेमलतावन्सं यांस शारदेचा वाकून नमस्कार (वाकायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे). देपालपूरला सगळे खुशाल असतील, तुमचे गुडघेही. इकडचं क्षेम आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिते. फोनवर तुम्ही "बरी आहेस ना?" विचारता, मी "बरी आहे" म्हणते आणि आपण दोघी घाईने फोन ठेवतो, म्हणून हे पत्र.

तर झालं असं, की माझे डोळे पिवळे झाले. शेजारच्या रुचीने आधी काविळीची माळ घालायला नेलं. माळ लांबली की कावीळ उतरते म्हणे; माळ लांबत गेली आणि पोटातली कळही. शेवटी तीच मला हॉस्पिटलात घेऊन गेली. पित्ताच्या नळीत खडे निघाले! तुमच्या भावालाही पित्ताचेच खडे झाले होते. म्हटलं, संसारात सगळं वाटून घेतलं, एवढंच राहिलं होतं. पण त्यांचं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं, बरगडीखाली वीतभर चीर. आल्यागेल्यासमोर सदरा वर करून, फौजेतल्या पणजोबांच्या थाटात "तलवारीचा घाव" म्हणून दाखवायचे (तुम्ही एकदा पाहुण्यांदेखत रागावला होतात). माझ्या मात्र घशातून दुर्बीण घातली, खडे काढले, आत एक बारीक प्लास्टिकची नळी बसवली आणि दुसऱ्या दिवशी घरी. बाहेर ओरखडासुद्धा नाही. समाचाराला आलेल्या बायका आधी माझ्या पोटाकडे बघतात, मग घड्याळाकडे. टाका नाही म्हणजे दुखणं नाही, असा इथला कायदा. मधुरिमाकाकू तर "अरे, कुछ हुआ ही नहीं!" म्हणत माझ्याच हातचा चहा पिऊन गेल्या.

आत नेण्याआधीची गोष्ट राहिली. रुची औषधं आणायला खाली गेली होती. सिस्टरने विचारलं, "आंटी, घर से कौन आया है?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आ रहे हैं, दुकान बढ़ाकर।" वन्सं, त्यांना जाऊन वर्ष होत आलं आणि मी बिनदिक्कत सांगितलं! (दुकान बंद करून हे जन्मात कुठे वेळेवर पोचले नाहीत, प्रत्येक लग्नामुंजीत मी हेच सांगत आले.) सिस्टरने बिचारीने त्यांच्यासाठी दाराशी खुर्ची मांडली. मी शुद्धीवर आले तेव्हा रुची उभी होती आणि खुर्ची तशीच रिकामी. "अंकलजी नहीं आए?" सिस्टरने विचारलं. रुचीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आते होंगे, सिस्टर।" तेव्हा मला फार रडू आलं. सिस्टरला वाटलं घसा दुखतोय, तिने गुळण्यांना कोमट पाणी दिलं.

बाकी मजेत. एकटीला छान करमतं, काळजी नसावी.

तुमची,
शारदा

ता. क. ती प्लास्टिकची नळी पुढच्या महिन्यात काढायची आहे, पुन्हा घशातूनच. सोबत घरचं माणूस हवं म्हणतात. आमचा अंकुर परदेशात, आणि रुची तेव्हा माहेरी असेल.

पुन्हा ता. क. करमतं ते खोटं. भाऊ नसलेल्या घरात पाय टाकवत नाही म्हणून तेराव्यानंतर तुम्ही आला नाहीत, हे मला कळतं. मलाही टाकवत नाही, पण माझं घर तेच आहे. सिस्टर पुन्हा विचारेलच, घरून कोण आलंय म्हणून. मी "आ रही हैं" सांगणार आहे. या वेळी खुर्ची रिकामी ठेवू नका.