पोरांची दिवाळी आणि एक जादा पाट

आबा,

भाऊबीजेच्या त्या संध्याकाळी तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिथंच माझं सगळं उलटंपालटं झालं. त्याच्या आधीचा मी वेगळा होतो, नंतरचा वेगळा. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की गावातली निम्मी माणसं तुम्हाला फोटोतूनच ओळखतात. माझा राग मात्र जुना व्हायला तयार नाही. म्हणून आज लिहायला बसलोय. समोर असतात तर दोन वाक्यांच्या पुढं तुम्ही मला बोलूच दिलं नसतंत.

आपल्या घरची दिवाळी म्हणजे पोरांचा बाजार. आत्या माहेराला यायच्या, चुलत बहिणी यायच्या, सगळी मिळून वीस-बावीस पोरं. एक रांगणारं, तर एकाला मिसरूड फुटलेलं. तुम्ही फौजेतून हवालदार होऊन आलात आणि घरात कायदा घातलात, की दिवाळीला सगळ्या पोरांना एकच वस्तू. पलटणीच्या लंगरात सगळ्यांना एकच डाळ, तसं. एका साली सगळ्यांना लवंगीची एकेक माळ मिळाली, पाळण्यातल्या पोरीलासुद्धा. दुसऱ्या साली कंगवे. धाकट्या आत्याच्या लेकाचं जावळ परवाच काढलेलं, डोकं नुसतं तुळतुळीत. आत्या म्हणाली, "दादा, ह्यो कंगवा कुठं फिरवू सांगा की." तुम्ही मिशीतही न हसता म्हणालात, "वाढत्याल केस. ठेव जपून." सगळं घर हसून हसून पडलं. मीही हसलो. तेव्हा तुमचा तो कायदा मला न्यायाचा वाटायचा. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. बाप असावा तर असा, असं मी कॉलेजातल्या पोरांना सांगत फिरायचो.

मी सांगलीला दुसऱ्या वर्षाला होतो. ती माझ्याच वर्गात. तिचे वडील हळदीच्या पेढीवर मुनीम, घर दोन खोल्यांचं. प्रेमात पडलेला माणूस काय काय करतो ते लिहीत बसत नाही, तुम्हाला त्याची किळस होती. एवढंच सांगतो, की मी चोरून काही ठेवलं नाही. गणपतीला घरी आलो तेव्हा उसाला पाणी देताना बांधावर तुमच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. तुम्ही पायानं दाऱ्याची माती सारत होतात.

"आपल्यातली हाय का?"

"न्हाई."

तुम्ही दारं मोडून पाणी पुढच्या सरीत सोडलंत. मग विचारलंत, "भाऊ किती हायत तिला?"

मला वाटलं, घरची माहिती काढताय, म्हणजे मन वळतंय. मी भरभरून बोललो. म्हटलं, एकुलती एक हाय, भाऊ न्हाई. भाऊबीजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळती. ही गोष्ट तिनं मला घाटावर पाण्यात पाय सोडून सांगितली होती, हसत सांगितली होती आणि मध्येच पाय वर ओढून घेतले होते. ती मी तुमच्या हातात दिली. का, तर तिच्याबद्दल तुम्हाला माया वाटावी.

"आरारा," तुम्ही म्हणालात. "पोरीच्या जातीला वाईट वाटत आसंल." आणि थोड्या वेळानं, "आवंदा पोरांच्या दिवाळीचं तूच बघ. घर कळतंय का तुला ते दिसू दे. मग तुझंबी मी ऐकतो."

आबा, हा तुमचा शब्द. जसाच्या तसा.

सांगलीला परत जाताना मी एसटीत उभ्यानं गेलो, तरी बसल्यासारखं वाटत होतं. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "वीस पोरांना एकच वस्तू? तुझे वडील पोरांना ओळखतात की नुसते मोजतात?" आणि ती कामालाच लागली. पैसे तिच्याकडे नव्हते, माझ्याकडे नव्हते. पण तिला एक गोष्ट पक्की कळत होती, की पोराला महाग-स्वस्त कळत नाही, आपल्यासाठी आणलंय की सगळ्यांत आणलंय ते बरोबर कळतं. पावडरच्या रिकाम्या डब्यांत चिंचोके घालून, वरून कापड शिवून, रांगणाऱ्यांना खुळखुळे. त्यांच्याहून मोठ्यांना चिंध्यांचे चेंडू, छपरावर गेले तरी कौल न फोडणारे. गेल्या सालच्या कॅलेंडरांच्या पाठीवर आम्ही सापशिड्या काढल्या. साप मी काढायचो आणि तिला ते दोडक्यासारखे दिसायचे. भोवरे लाकूड कातणाऱ्याकडून घेतले आणि रंग घरी दिला. मोठ्या पोरींना रुमाल, प्रत्येकीच्या नावाचं पहिलं अक्षर टाक्यांनी भरलेलं. अडलं ते मिसरूडवाल्यापाशी. ना पोर ना बाप्या, त्याला काय द्यायचं? दोन दिवस ती विचार करत होती. मग म्हणाली, "त्याला पत्र्याची शिट्टी दे. आणि सांग, लगोरीत पंच तू. खेळणं दिलं तर रागावेल, अधिकार दिला तर खूश होईल." मी तिच्याकडं बघतच राहिलो. अशी सून घरात आल्यावर तुम्ही काय म्हणाल, तेच मनात घोळत होतं.

मग तुमचा निरोप आला, की पोरीला आणि तिच्या आईला भाऊबीजेला घेऊन ये. पोरांना कळू दे कुणी एवढं केलंय. मी तो निरोप वाचून खानावळीत ताटावरून उठलो. भूकच मेली आनंदानं.

सामान आम्ही पेढीवरच्या हळदीच्या रिकाम्या पोत्यातून आणलं. फाट्यावर उतरून घरी पोचेपर्यंत चेंडू, रुमाल, माझा सदरा, सगळ्याला पिवळी भुकटी. दारातच काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं बया! ह्याला आदीच हळद लागली की!" ती लाजून तिच्या आईमागं गेली. तुम्ही ओट्यावर होतात. तुम्हीही हसलात. ते हसू मला अजून दिसतं. तेवढंच मला आजही उलगडत नाही.

वाटप तुम्ही तिच्याच हातून करवलंत. एकेक पोर पुढं येई, ती वाकून त्याच्या हातात त्याचं त्याचं देई. अक्षरं बघून पोरी किंचाळल्या. शिट्टीवाल्यानं दुपारपर्यंत एवढ्या शिट्ट्या फुंकल्या, की बैलं दावं तोडायला निघाली. "त्याच्या नरड्यातनं काढा कुनीतरी ती," तुम्ही ओरडलात आणि तिच्याकडं बघून म्हणालात, "झ्याक केलंस पोरी. लय झ्याक." सकाळपासून तुम्ही पोरांना शिकवत होतात, "ताई म्हना. नावानं हाक मारायची न्हाई. ताई." मला वाटलं, मान देताय. वहिनी, मामी म्हणायला हवं होतं ना त्यांनी पुढंमागं, हे माझ्या टाळक्यात का शिरलं नाही?

दिवे लागले. सोप्यात पाट मांडले, भोवती रांगोळी. भाऊ ओळीनं बसले, बहिणी ताटं घेऊन उभ्या. माझ्या सख्ख्या बहिणीनं मला ओवाळलं. मी उठायला लागलो, तर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. पलटणीतला हात, जड. "बस."

मग तुम्ही तिच्याकडं वळलात. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात. "पोरी, दरसाली चंद्राला ओवाळतीस म्हनं. चंद्र काय उतरून येतोय व्हय संकटाला? ह्यो हाय की. आजपास्नं ह्यो तुजा भाऊ."

तिच्या आईच्या डोळ्यांत घळाघळा पाणी. तिला काही ठाऊक नव्हतं, तिला वाटलं देवमाणूस भेटला. आणि पोरं! हातात चेंडू, भोवरे, रुमाल घेऊन सगळी उभी, टाळ्या वाजवत, "ताई, दादाला ओवाळ! ताई, दादाला ओवाळ!" आमच्याच हातच्या वस्तू त्यांच्या हातात होत्या. काकीनं आतून ताट आणलं. निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं लावून तयार. तेव्हा मला कळलं, हे आत्ता सुचलेलं नाही. ताट आधीच भरलेलं होतं. बांधावर भाऊ किती म्हणून विचारलंत, तेव्हाच तुम्ही ते भरलं होतं.

ती माझ्यासमोर आली. मी तिला डोळ्यांनी सांगत होतो, ताट खाली ठेव. चक्कर आली म्हण, काहीही म्हण. ती ओठ न हलवता एवढंच म्हणाली, "आई बघतेय." आणि ओवाळलं. शेवटच्या फेऱ्याला निरांजनाची ज्योत कलली, पण विझली नाही. मी उठू शकलो असतो. पण एवढ्या पोरांच्या तोंडासमोर, दिवाळीच्या दिवशी, तिचं भरलं ताट लाथाडून? ते मला जमणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पोरांना एकसारखं देणारा माणूस पोटच्या पोराशी असा खेळला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या शेजारच्या बाकावर मी कुठल्या तोंडानं बसणार? वर्ष अर्धं टाकून मी साताऱ्याला गेलो आणि ट्रकच्या ऑफिसात लागलो. पोरीपायी शिक्षण सोडलं, असं तुम्ही पाव्हण्यांना सांगत राहिलात. तिचं लग्न वाईला झालं. नवरदेवाचा कान पिळायला मुलीचा भाऊ लागतो, म्हणून मला खास बोलावणं आलं. तुम्ही गेलात आहेर घेऊन. मी गेलो नाही. तिनं काय म्हणून ते बोलावणं धाडलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिचाही राग आहेच. पण तिला मी एक संध्याकाळ माफ करू शकतो. तुम्ही गणपतीपासून पुरे दोन महिने माझ्याशी गोड बोलत होतात.

हे कुणाला दाखवणार नाही. आईला वाचून दाखवावं म्हटलं, तर ती अजून म्हणते, "भावाविना पोर हुती, ह्यांनी भाऊ दिला." तिचं ते समाधान मोडून मला काय मिळणार?

एकच सांगायचं राहिलंय. त्या रात्री जेवणं झाल्यावर मधल्या खोलीत मी तुम्हाला गाठलं. "आबा, तुमी शब्द दिला हुता," म्हणालो. तुम्ही पानाला चुना लावत होतात. "वाईट काय झालं? तिला भाऊ मिळाला," तुम्ही म्हणालात. "ती गप ओवाळून मोकळी झाली. तुलाच लय झोंबलंय." मी पुढं काय काय बोललो म्हणे, ते गावभर झालं. पोरगं बापावर धावून गेलं, दार आदळून घर सोडून गेलं, असं अजून सांगतात. मीही कधी खोडून काढलं नाही. तसं गेलो असतो तर बरं झालं असतं. पण सोप्यात सगळी पोरं एका ओळीत झोपली होती, दिवसभर खेळून दमलेली. त्यांच्या पायांमधून वाट काढत मी बाहेर पडलो, आणि कडी वाजू नये म्हणून ती हातात धरून दार हळूच ओढून घेतलं.