चिमणीच्या खोलीची रुंदी

सोमवार
आम्ही मायलेकी आलो एकदाच्या! नवी नोकरी, वर राहायला कंपनीचंच घर. पाच वर्षांच्या चिमणीला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळालीय, तर बाईसाहेब मलाही टकटक केल्याशिवाय आत घेत नाहीत. माझी खोली भिंतीपलीकडेच.

काम मजेचं आहे. या घराच्या भिंतींत मोजणारी यंत्रं आहेत आणि वेब पानावर प्रत्येक खोलीचा एक चौकोन दिसतो. चौकोनाचा आकार बदलला की पानानं सांगायचं. माझ्या आधी हे काम करणाऱ्या मुलाचा कोड सतत 'बदलला का, बदलला का' विचारत बसायचा. पान धापा टाकायचं बिचारं! मी जावास्क्रिप्टमधला पहारेकरी बसवणार. त्याला चौकोन नेमून दिला की तो गप्प बसतो आणि बदल झाला की स्वतःच हाक मारतो.

मंगळवार
पहारेकरी बसला. नेमल्या नेमल्या प्रत्येक चौकोनाची एकेक हाक येते, ती आली. स्क्रीन आडवी-उभी करून पाहिली, झकास. मोठ्या साहेबांनी फोनवर चक्क शाबासकी दिली.

दुपारी मी काही हलवलं नसताना चिमणीच्या खोलीची हाक आली. रुंदी किंचित कमी. माझ्याच कोडमध्ये काहीतरी घोळ असणार.

बुधवार
घोळ कोडमध्ये नाही. पलंग आणि भिंतीमध्ये खेळण्यांची वेताची टोपली आरामात मावायची, ती आज चेपलेली. चिमणी म्हणाली, मी नाही, भिंतीनं केलं. खोटं बोलते म्हणून आधी तिच्यावर खेकसले. मग टेप लावून पाहिली, तर भिंत खरंच आत सरकलेली.

आधी काम करणाऱ्या त्या मुलाला फोन केला. त्यानं एवढंच बजावलं की नुसतं बघा, हाक आल्यावर जो कोड चालतो त्यात चौकोनाचा आकार बदलू नका. फोन ठेवला, परत उचलेना. हे काय मला शिकवतो! हाकेतच आकार बदलला की त्याची पुन्हा हाक येते आणि चक्र थांबत नाही, हे शिकाऊ पोरांनाही माहीत असतं.

गुरुवार
तरी केलंच मी. एकच ओळ: कुठलाही चौकोन आक्रसला की त्याला पूर्वीएवढा कर. निदान साहेबांना पान नीट दिसेल म्हणून.

अन् टोपली मोकळी झाली! भिंत मागे गेली! जीव भांड्यात पडतोय तोवर स्वयंपाकघराची हाक आली. आता ओट्यापुढे मला अंग चोरून उभं राहावं लागतं. घराची एकूण रुंदी ठरलेली, एका खोलीला दिली की दुसरीची जाते. म्हणजे घरही चौकोनाचं ऐकतं. अगं बाई, मी काय करून बसले?

दादाला फोन करून रडले. उद्या दुपारी आम्हाला न्यायला येतो म्हणाला.

शुक्रवार
सगळ्या खोल्या एकमेकींना ढकलतायत. स्क्रीनवर इशारा आलाय: चक्र लागलं, काही हाका पोचल्या नाहीत. कुणाच्या?

चिमणीचं दार चौकटीत घट्ट बसलंय. ती आत. माझंही दार हलत नाही. ती ओळ काढून पाहिली तर तिची भिंत आणखी जोरात सरकली, ती किंचाळली. पुन्हा घातली.

दादा सुताराला घेऊन निघालाय.

शुक्रवार, दुपार
ओळ बदलली. चिमणीचा चौकोन हलू द्यायचा नाही, कमी पडेल ते माझ्या खोलीतून घ्यायचं.

खुर्चीच्या पाठीला भिंत लागली.

तिची हाक नाही. छान. माझ्याच येतायत, एकामागून एक.

ती भिंतीवर टकटक करतेय. विचारते, आई, आत येऊ का. नको म्हटलं सोन्या, तिथेच बस, मामा येतोय —

टेबल पोटात रुततंय. लॅपटॉप मिटता कामा नये, मिटला तर तिची भिंत — झाकणाखाली कोपर घातलंय —

दादाचा आवाज. ओरडून सांगितलं, आधी तिचं दार, माझं नंतर —

तिच्या दाराची फळी तुटली. मामाला बघून चिमणी हसली, ऐकू आलं —

आता माझी हाक. रुंदी —