खडूची फुली

४ नोव्हेंबर

सतरा दिवस तुला उघडलं नाही. माफ कर. दिवसभर नोंदी ठेवणं हाच माझा धंदा, आणि घरी येऊन स्वतःच्या वहीत एक ओळ उतरत नव्हती.

सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्याचा सिनेमा चालू आहे. असला माझा सातवा. दोन शॉटमध्ये काही बदललं नाही ना, एवढंच मी बघायचं. मारेकऱ्याच्या पिस्तुलात किती गोळ्या उरल्या ते त्याला माहीत नसतं, मला असतं. मेलेल्याचा हात उताणा असेल, तर चहा पिऊन परत येऊन झोपल्यावरही तो उताणाच हवा.

सतरा दिवसांपूर्वी लाँड्रीचा प्रसंग होता. मारेकरी वरच्या कठड्यावरून मळक्या कपड्यांच्या ढिगात उडी घेतो. मारेकरी झालेल्या नायकाच्या जागी उडी मारणार होता बोका. वीस वर्षं उंचावरून पडतोय आणि नेहमी मांजरासारखा चार पायांवर, म्हणून बोका. ढिगाखाली गाद्या होत्या. शेजारी लोखंडी ट्रॉली. त्याची पाठ ट्रॉलीच्या कडेवर आली. कमरेखाली त्याला आता काही कळत नाही.

युनिटमध्ये सगळे म्हणतात, फाइट मास्तरांचं माप चुकलं.

चुकलं नव्हतं.

आज इतकंच जमतंय.

५ नोव्हेंबर

त्या दिवशी सकाळच्या शॉटमध्ये ट्रॉली खांबाला लागून होती. जेवणाच्या सुट्टीत मी मेकअपच्या खोलीत – नायकाच्या कॉलरवरचं रक्त सकाळइतकंच आहे ना, ते पाहत. परत आले तर ट्रॉली खांबापासून दीड हात लांब, आणि चाकाशी खडूची फुली. मला वाटलं, नटाने कुठे उभं राहायचं त्याची कुणीतरी केलेली जुनी खूण. शॉटमध्ये दिसली असती. माझ्या नियमाप्रमाणे आधी फोटो काढला. मग फुली रुमालाने पुसली, ट्रॉली ढकलून खांबाला लावली, परत फोटो काढला.

फुली मास्तरांची होती. सगळे जेवत असताना त्यांनी एकट्याने ट्रॉली सरकवून उडीची जागा मोकळी केली होती. मग म्हणे हाक दिली, ‘माप झालं, आता कोणी कशाला हात लावायचा नाही.’ मी ऐकली नाही. मास्तर तोवर वर बोक्याच्या पाठीला पॅड बांधायला गेले होते. विचारायला जिना चढावा लागला असता. अठरा पायऱ्या. नंतर मोजल्या.

बोक्याला उचलताना ट्रॉली कोणीतरी बाजूला भिरकावली. ती मी हलवली होती हे फक्त माझ्या फाइलीतले दोन फोटो सांगतात. फाइल माझ्या कपाटात आहे. रुमालही. धुतलेला नाही.

सातही सिनेमांत मारेकरी काम झालं की हात पुसतो. रुमाल कोणत्या खिशात ठेवला, ते सातही वेळा मीच लिहून ठेवलंय.

७ नोव्हेंबर

मास्तरांना संघटनेची नोटीस. बारा तारखेला, अकरा वाजता चौकशी. कार्ड काढून घेणार म्हणतात, म्हणजे काम कायमचं बंद.

धाकट्या बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. ‘मुद्दाम केलंस का? नाही ना? मग कशाला स्वतःहून सुळावर चढतेस? त्यांचं वय झालंय, आज ना उद्या घरी बसणारच होते.’ मला हेच ऐकायचं होतं. म्हणूनच तिला फोन केला, आईला नाही.

८ नोव्हेंबर

झोप नाही. काम नीट केल्यामुळे हे झालं की न केल्यामुळे? उत्तर फिरवून फिरवून स्वतःच्या सोयीचं करते आहे.

९ नोव्हेंबर

चित्रीकरण पुन्हा सुरू. दिग्दर्शक तो शॉट ठेवणार आहे. ‘इतकं खरं पुन्हा मिळायचं नाही.’ पुढचा तुकडा नव्या माणसाला घेऊन. मला विचारलं, ट्रॉली कुठे होती?

मी फाइलीतून फोटो क्रमांक दोन काढला आणि ट्रॉली खांबाला लावली. तंतोतंत. मग नोंदीत लिहिलं, जागा बरोबर.

१० नोव्हेंबर

आज सांगायचंच म्हणून मास्तरांच्या घरी गेले. दार मुलीने उघडलं. हळूच म्हणाली, ‘बाबांना काहीतरी झालंय. बघा तुम्हीच.’

मास्तर बैठकीच्या खोलीत गुडघ्यांवर. हातात मोजपट्टी. जमिनीवर खडूच्या फुल्या, तीस-चाळीस तरी. जेवणाच्या टेबलाची ट्रॉली केली होती, सोफ्याची उशी म्हणजे बोका.

‘या बाई. तुम्ही तर बारीक नजरेच्या. मला एक सांगा. मी ट्रॉली सरकवली होती. फुली केली होती. डोळ्यांपुढे लख्ख दिसतं. पण शॉट दहा वेळा पाहिला – ट्रॉली खांबालाच. फुलीचा मागमूस नाही. म्हणजे सगळं मी मनातच केलं ना?’

मी पायाखालची फुली चुकवून बाजूला सरकले.

‘चाळीस वर्षं पोरं माझ्या शब्दावर उड्या मारतात. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, म्हातारा मनातल्या मनात मापं घेतो?’

मुलगी म्हणाली, विस्मरणाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. मास्तर हसले. ‘वेळ घेतलीय हे विसरलो तर बरंच.’

तिने चहा आणला. मी प्यायले. साखर कमी आहे का, असं तिने विचारलं, ठीक आहे म्हटलं. दोन्ही फोटो पर्समध्ये होते. तसेच परत आणले.

असा कोणता मारेकरी असतो, जो ज्याला मारतो त्याच्याच घरी चहा पितो?

११ नोव्हेंबर

इस्पितळात बोक्याला भेटून आले. उताणा पडून छताकडे बघत होता. ‘या ताई. पहिल्यांदाच पाठीवर पडलोय, नाव बदलावं लागणार.’

म्हटलं, ‘बोका, ती ट्रॉली –’

‘पाहिलं की. मास्तर मागून पट्टे आवळत होते, मी खालीच बघत होतो. तुम्ही फुली पुसलीत, ट्रॉली ढकललीत.’

‘मग उडी का मारलीस?’

‘तुम्ही विचारल्याशिवाय टाचणीही हलवत नाही, ताई. म्हटलं, मास्तरांशी बोलूनच हलवली असणार.’ मग म्हणाला, ‘मास्तर एकदाही आले नाहीत. माझ्यावर रागावलेत का?’

चौकशीचं त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

उद्या – अकराच्या आधी दोन्ही फोटो मास्तरांच्या हातात देणे.