आईच्या कमरेवरचा डाग

२१ सप्टेंबर
गोचीड! माझ्या कानामागे!
कानातल्याची फिरकी रुततेय असं वाटलं. बोट लावलं तर पाय हलले. किंचाळलेच. काल कोपरहून सामान आणलं आणि आज हे स्वागत. आंबिवलीच्या पुढे गाव, शाळेने दिलेली खोली, आई सोबतीला. "एकटी पोर कशी ऱ्हाल?" म्हणून आली. बाबा आणि भाऊ नयन घरीच.
आई म्हणाली, "घासलेट लाव, सुटल."
मी म्हटलं, अजिबात नाही. चिमट्याने कातडीलगत धरली, सरळ ओढली. विज्ञान शिकवणारी मी, मला कळायला नको?

२३ सप्टेंबर
उंबऱ्यावर दोन, गादीच्या शिवणीत एक. पकडून बाटल्यांत भरल्या. शेजारच्या शेवंतीमावशींच्या गाईवरून येतात. गोठ्याची आणि आमची भिंत एकच.
मावशी हसतात — "गोचीड काय मानूस गिळतंय का गो? आईस इचार तुझ्या!" आईही त्यांच्या बाजूने हसते! मावशी एकट्याच राहतात, मुलगी मुरबाडला दिलेली. दोघींचं छान जमलंय. गाईसाठी गवत कापायला माळावर जातात. आमची शेती जाऊन वीस वर्षं झाली. कोपरला आईला बोलायला फक्त टीव्ही. विळा हातात आला की वेगळीच बाई दिसते.

२८ सप्टेंबर
चुना, फिनेल, गाद्या उन्हात. तरी झोप नाही. काही चालतंय अंगावर, असं सारखं वाटतं. रोज दिवेलागणीला आईचे कान, मान, केस तपासते. "माकडीन हाईस काय तू?" म्हणते.

३ ऑक्टोबर
चार दिवसांत एकही नाही. जिंकले!

७ ऑक्टोबर
आईला ताप. डोकं फुटतंय म्हणते.

८ ऑक्टोबर
१०३. डोळे लाल. गावातल्या डॉक्टरांनी मलेरिया-डेंग्यूसाठी रक्त घेतलं. पट्टीचं पाणी बदलून बदलून हात सुरकुतले. आई कधी आजारी पडलेली आठवतच नाही मला.

९ ऑक्टोबर
शाळेतून आले तर मावशी आईच्या उशाशी, हातात तापलेली पळी. मी ओरडले. म्हणाल्या, "तेल हाय गो, लसनाचा. तळपायांना लावाया." मग आईचं लुगडं बदलताना दिसलं — कमरेवर, गाठीच्या खाली, काळा गोल. कडेने लाल.
डाग दिलाय!
नयनला लहानपणी कावीळ झालेली तेव्हा मनगटावर तापली सळी टेकवली होती. तो ओरडलेला ते अजून ऐकू येतं. तेव्हाच ठरवलेलं, शिकायचं, आणि हे असलं आपल्या घरातून हद्दपार करायचं. आणि माझ्याच खोलीत?
आई — "मना कोनी डाग नाय दिला गो. दुखत पन नाय. कवा झाला तं मनाच ठाव नाय."
डाग आणि दुखत नाही! माझ्याशी खोटं बोलते! मावशींना सांगितलं, पुन्हा आमच्या दारात येऊ नका. पळी उचलून गेल्या.

१० ऑक्टोबर
रिपोर्ट साफ. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. ताप तसाच.
डॉक्टरांनी विचारलं, "अंगावर कुठे चट्टा, खपली?"
मी म्हटलं, नाही.
काय सांगायचं? सायन्स टीचरच्या आईने डाग घेतला? सगळं गाव हसलं असतं. आई माझ्याकडे बघत राहिली.

११ ऑक्टोबर
पालकसभेत उठून बोलले. आजार्‍याला डागणारे गुन्हेगार आहेत, अशांच्या घरची पायरी चढू नका. नाव घेतलं नाही. गरजच पडली नाही, सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक सर म्हणाले, "असे शिक्षक हवेत."
घरी आले तर आई ग्लानीत.

१२ ऑक्टोबर
आज तिने मला ओळखायला वेळ लावला.

१३ ऑक्टोबर
श्वास लागला. ओठ निळसर. नयनला फोन केला, तो गाडी घेऊन आला. कल्याणला दाखल. फुप्फुसात पाणी म्हणतात. देवा, माझं शिक्षण घे, पुस्तकं घे, नोकरी घे, आई तेवढी राहू दे.

१४ ऑक्टोबर
कपडे बदलताना सिस्टरनी काळा गोल पाहिला आणि धावत जाऊन डॉक्टर मॅडमना आणलं.
"ही खपली कधीपासून?"
आई ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाली — "आजच."
माझ्यासाठी! मला वाचवायला!
मी म्हटलं, "पाच दिवस. डाग आहे तो. शेजारणीने दिलाय."
"डाग कसला? चावा आहे हा." गवतात गोचिडीच्या जातीचाच, पण डोळ्यांना न दिसणारा किडा असतो म्हणे. चावला तरी दुखत नाही, नंतर भाजल्यासारखी काळी खपली धरते. स्क्रब टायफस. "साधं औषध आहे. लवकर कळलं तर."
मी बाटल्यांत मोठ्या गोचिडी भरत बसले होते.

१५ ऑक्टोबर
बाहेरच्या बाकावर. नयन म्हणतो, जेव. तोंडात घास फिरतो.
आई खरं बोलत होती. सगळं खरं.

१६ ऑक्टोबर
ताप उतरला!! १००. मास्क बाजूला करून पहिलं वाक्य — "जेवलीस का गो?" नयन भिंतीकडे तोंड करून रडला.
मग विचारलं, "शेवंती कशी हाय? सोबतच बसायचो ना गवतात. तिच्याबी काखेत तसलाच काळा हाय. मना दाखवलेला."
नयनला तसंच गावी पिटाळलं.

१७ ऑक्टोबर
गाय दोन दिवस हंबरत होती. नयनने दार ढकललं तर मावशी जमिनीवर. आता आईच्या पलीकडच्या खाटेवर आहेत. शुद्ध नाही.
मॅडमनी विचारलं, "ताप किती दिवस?"
कुणालाच माहीत नाही. त्या सभेनंतर त्यांची पायरी कोणी चढलेलंच नाही.